महामारी आणि संसद: गोव्यातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या काळात दिल्लीत संसदेने नेमके काय केले आणि त्याचा आपल्या गोव्याशी काय संबंध, हे प्रश्न अजून विचारले जातात. गावच्या वाचनालयात विचारले जातात, तसे बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, नातेवाइकाच्या खाटेशेजारी रात्र काढणाऱ्यांच्या बोलण्यातही येतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तो विषय दोन ओळींत सांगणे मला पटले नाही.

महामारी आली तेव्हा संसद चालू होती का?

होती. अर्थसंकल्पी अधिवेशन ३१ जानेवारी २०२० ला सुरू झाले होते आणि ३ एप्रिलपर्यंत चालायचे होते. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. २३ मार्चला लोकसभेने वित्त विधेयक चर्चेविना संमत केले आणि दोन्ही सभागृहांचे काम आवरते घेतले गेले. २४ मार्चच्या रात्री पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. एवढा मोठा निर्णय झाला त्या दिवशी त्यावर बोलायला सभागृह भरलेले नव्हते, आणि पुढे जवळजवळ सहा महिने ते भरले नाही.

मग टाळेबंदी कोणत्या कायद्याने लागू झाली?

दोन जुन्या कायद्यांनी. केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ वापरला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर संसदेने हा कायदा केला होता. पूर, भूकंप, वादळ हे तेव्हा डोळ्यांसमोर होते. महिनोन् महिने चालणाऱ्या साथीचा विचार त्यात फारसा नाही. राज्यांच्या हाती होता साथरोग कायदा, १८९७.

२००५ च्या कायद्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याखाली निघालेले आदेश ठरावीक मुदतीत संसदेकडून मंजूर करून घेतले पाहिजेत, अशी अट त्यात नाही. राज्यघटनेच्या ३५२ व्या कलमाखाली आणीबाणी पुकारली तर महिन्याभरात संसदेची मंजुरी घ्यावी लागते. ब्रिटनने मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी वेगळा कायदा केला आणि दर सहा महिन्यांनी त्याचा आढावा घेऊन सभागृहात मतदान करण्याची तरतूद त्यात घातली. आपल्याकडे गृहसचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या आदेशांवर सगळा देश चालला. पहिल्या आठवड्यात ते अपरिहार्य होते, हे मी मान्य करीन. पाचव्या महिन्यातही तसेच चालू राहावे, हे मान्य करता येत नाही.

१८९७ चा कायदा म्हणजे प्लेगच्या वेळचाच ना?

तोच. मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी इंग्रज सरकारने तो घाईघाईने केला. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या झडत्यांवरून लोकांचा संताप उसळला, २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. हा इतिहास मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे तो कायदा इथे नव्हता.

मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा. सरकारला काय काय करता येईल ते त्यात आहे. रुग्णाचा हक्क, माहिती उघड करण्याचे बंधन, यातले काही नाही.

संसदेने तो बदलला नाही का?

एका बाजूने बदलला. डॉक्टर, परिचारिका, आशासेविका यांच्यावर हल्ले होऊ लागले तेव्हा २२ एप्रिल २०२० ला अध्यादेश निघाला आणि सप्टेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी त्याचे कायद्यात रूपांतर केले. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, गंभीर इजा केली तर सहा महिने ते सात वर्षे कैद आणि एक ते पाच लाख दंड, मोडतोड केलेल्या मालमत्तेच्या बाजारभावाच्या दुप्पट भरपाई, तीस दिवसांत तपास. दुरुस्ती चांगली होती आणि वेळेवर झाली. बाकीचा कायदा मात्र जवळजवळ होता तसाच राहिला.

आरोग्य हा राज्याचा विषय आहे. मग दिल्लीला जबाबदार का धरायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि मंत्र्यांच्या उत्तरांतही हीच ढाल पुढे केली जाते. केंद्र आणि राज्ये यांच्यात विषय वाटून देणाऱ्या, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, इस्पितळे आणि दवाखाने राज्यसूचीच्या सहाव्या नोंदीत आहेत, हे खरे. पण ती अनुसूची पुढे वाचली की चित्र बदलते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साथ पसरू न देणे हा समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही, सूचीतला विषय आहे, २९ वी नोंद. आंतरराज्य विलगीकरण ही केंद्राच्या सूचीतली ८१ वी नोंद. बंदरावरचे विलगीकरण आणि खलाशांची इस्पितळे हीसुद्धा केंद्राकडे, २८ वी नोंद.

गोव्याच्या नकाशावर हे ठेवून पाहा. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडची माणसे रोज पेडणे-डिचोलीत कामाला येतात आणि मोठे दुखणे आले की बांबोळी गाठतात. महाराष्ट्राच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका बंद झाला की एकाची रोजी जाते आणि दुसऱ्याचे डायलिसिस चुकते. दोन राज्यांनी आपापले आदेश काढले, आज एक आणि उद्या दुसरा. मधली जागा भरून काढायचा अधिकार संसदेकडे होता. गोव्यातल्या किती घरांतली कर्ती माणसे क्रूझ जहाजांवर कामाला असतात, तेही आठवा. मार्च-एप्रिल २०२० मध्ये हे तारवटी जहाजांवरच अडकून पडले. जहाज मुंबईच्या समोर उभे, घर चारशे-साडेचारशे मैलांच्या आत, आणि उतरायची परवानगी नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाने खलाशांना उतरवण्याची कार्यपद्धती काढली २१ एप्रिलला. तोपर्यंत त्यांच्या बायकामुलांनी पणजीत कितीही दारे ठोठावली तरी उत्तर दिल्लीतच होते, आणि दिल्लीत त्यांच्या खासदारांना प्रश्न विचारायला सभागृह उघडे नव्हते.

सप्टेंबर २०२० मध्ये अधिवेशन झाले होते की?

झाले. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर राहता कामा नये, असे घटनेचे ८५ वे कलम सांगते. ती मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना, १४ सप्टेंबरला अधिवेशन सुरू झाले. खबरदारी चोख होती. राज्यसभा सकाळी आणि लोकसभा दुपारी, खासदार दोन्ही सभागृहांत आणि प्रेक्षक सज्जांत विखरून बसलेले, बसूनच बोलायची मुभा. धोका खरा होता. सुरुवातीच्या चाचण्यांतच सुमारे पंचवीस खासदार बाधित निघाले. बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचे २३ सप्टेंबरला कोविडने निधन झाले आणि त्याच दिवशी, ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी, अधिवेशन गुंडाळले गेले.

म्हणून खासदारांनी जिवावर उदार होऊन रोज बसायला हवे होते, असे कोणी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो प्रश्नोत्तराचा तास रद्द करण्यावर.

प्रश्नोत्तराचा तास गेला तर काय बिघडले? लेखी उत्तरे मिळत होती.

मिळत होती. फरक असा: तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्या उत्तराला धरून पुरवणी प्रश्न विचारता येतो. ऑक्सिजन पुरेसा आहे असे मंत्र्यांनी सांगितले की लगेच विचारता येते, गोव्यात किती, रोजचा खप किती, टाकी किती लिटरची. मंत्र्यांना तयारी करून यावे लागते आणि त्यांच्यामागे सगळे खाते कामाला लागते. अतारांकित प्रश्नाला कागद मिळतो, आणि तिथे विषय संपतो. सप्टेंबर २०२० मध्ये फक्त कागद मिळाले. शून्य प्रहरही, म्हणजे तातडीचे विषय मांडायची वेळही, अर्ध्या तासावर आला. त्याच दिवसांत शेती आणि कामगारविषयक मोठी विधेयके मात्र भराभर संमत झाली. विधेयकांना वेळ होता आणि प्रश्नांना नव्हता, हे मला आजही खटकते.

१९६२ मध्ये चीनचे सैन्य आत आले असतानाही ८ नोव्हेंबरला संसदेचे अधिवेशन बोलावले गेले होते. प्रश्नोत्तराचा तास तेव्हाही नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण युद्ध चालू असताना त्या युद्धावर सभागृहात चर्चा झाली आणि सरकारने ती ऐकून घेतली.

त्या लेखी उत्तरांत काय होते?

दोन उत्तरे वाचकांनी जरूर काढून वाचावीत. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, या प्रश्नावर कामगार मंत्रालयाने सांगितले की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. किती डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी कोविडने गेले, यावर आरोग्य मंत्रालयाचे म्हणणे असे की आरोग्य हा राज्यांचा विषय, केंद्रीय पातळीवर ही माहिती ठेवलेली नाही. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संघटनेने स्वतःच ३८२ डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. समोरासमोर पुरवणी प्रश्न आला असता, तर या उत्तरांवर एवढ्यात पडदा पडला नसता.

संसद ऑनलाइन भरवता आली नसती का?

ब्रिटनच्या संसदेने एप्रिल २०२० मध्येच काही सदस्य सभागृहात आणि बाकीचे पडद्यावर अशी सोय केली. आपल्याकडे एकेका खात्याच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या, खासदारांच्या स्थायी समित्यांनासुद्धा ऑनलाइन बैठकीची परवानगी मिळाली नाही. समितीचे कामकाज गोपनीय असते, हे कारण दिले गेले. मंत्रिमंडळ आणि न्यायालये पडद्यावर चालली, गोव्यातल्या वाड्यांवरची पोरे नेटवर्कसाठी डोंगरावर चढून शाळा शिकली. संसदेचे मन मात्र वळले नाही.

स्थायी समितीने तरी काही केले का?

केले, आणि संसदेच्या या सगळ्या काळातले सर्वांत मोलाचे काम मला तेच वाटते. आरोग्य आणि कुटुंब कल्याण खात्याशी संबंधित स्थायी समितीचे अध्यक्ष रामगोपाल यादव होते. समितीने कोविडच्या हाताळणीवरचा आपला १२३ वा अहवाल २१ नोव्हेंबर २०२० ला राज्यसभेच्या सभापतींकडे दिला. तेव्हा पहिली लाट ओसरत होती आणि सगळे सुटकेचा श्वास सोडत होते. अहवाल म्हणतो: सरकारी इस्पितळांत खाटा अपुऱ्या आहेत, खासगी इस्पितळे अवाच्या सवा पैसे घेतात, आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत दोन वर्षांत न्या, सर्वंकष सार्वजनिक आरोग्य कायदा करा. आणि ऑक्सिजनबद्दल स्पष्ट सांगितले होते: सिलिंडरच्या किमतीला मर्यादा घाला, इस्पितळांची मागणी भागेल इतके उत्पादन होईल असे पाहा.

त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन झालेच नाही. त्यामुळे अहवाल सभागृहासमोर आला तो नव्या वर्षात. अख्ख्या २०२० सालात संसद बसली ३३ दिवस.

दुसऱ्या लाटेत संसद कुठे होती?

बंद. २०२१ चे अर्थसंकल्पी अधिवेशन ८ एप्रिलपर्यंत चालायचे होते. पाच ठिकाणच्या विधानसभा निवडणुका तोंडावर होत्या आणि २५ मार्चलाच ते संपवले गेले. पुढचे अधिवेशन १९ जुलैला. एप्रिल आणि मे या दोन्ही महिन्यांत एकही बैठक नाही.

गोमेकॉतल्या ऑक्सिजनचा प्रश्न संसदेत आला का?

आधी काय घडले ते नीट सांगायला हवे. मे २०२१ च्या सुरुवातीला गोव्यात दोन चाचण्यांमागे जवळजवळ एक बाधित निघत होती. बांबोळीला खाटा संपल्या होत्या, रुग्ण ट्रॉलीवर आणि जमिनीवर झोपवलेले होते. तिथला ऑक्सिजन मोठ्या सिलिंडरांतून यायचा. सिलिंडर लादलेली ट्रॉली ट्रॅक्टरने ओढून आणायची, रिकामी बाजूला घ्यायची, भरलेली जागेवर लावून मॅनिफोल्डला, म्हणजे सगळे सिलिंडर जिथे जोडतात त्या सामायिक नळीला, जोडायची. या अदलाबदलीत वाहिनीतला दाब खाली जायचा. दिवसा आरडाओरडा करायला माणसे असत, रात्री ते संकट वाढे. ११ मेच्या पहाटे दोन ते सहा या वेळात २६ रुग्ण दगावल्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री विश्वजीत राणे यांनीच सांगितले आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली. पुढच्या रात्रींतही मृत्यू होत राहिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे याचिका चालू होत्या. ट्रॅक्टर आणि ट्रॉली हलवण्यातल्या अडचणी सरकारने तिथेच मांडल्या. न्यायालयाने रोजच्या रोज हिशेब मागितला. मेच्या मध्यावर गोमेकॉत २० हजार लिटरची टाकी बसली.

संसदेचा आणि याचा संबंध असा, की ऑक्सिजनचा इशारा तिच्याच समितीने सहा महिने आधी दिला होता. तो अहवाल सभागृहात खुलेपणाने चर्चिला गेला असता, तुमच्याकडे टाकी आहे का असे एकेका राज्याला विचारले गेले असते, तर बांबोळीची टाकी जानेवारीत बसू शकली असती. तिला लागणारा वेळ किती थोडा होता ते मे महिन्याने दाखवले.

जुलैमध्ये अधिवेशन भरले. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी लेखी उत्तर दिले: ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी खास असे कळवलेले नाही. वाक्य तांत्रिकदृष्ट्या सांभाळून लिहिलेले होते. पण ज्यांचे माणूस त्या पहाटे गेले होते, त्यांनी ते टीव्हीवर ऐकले. आमच्या वाड्यावरची एक बाई तेव्हा एवढेच म्हणाली, ‘मग माझा घोव कशान गेलो?’ घोव म्हणजे नवरा.

सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच स्थायी समितीने १३७ व्या अहवालात मंत्रालयाच्या या नकाराबद्दल खेद व्यक्त केला आणि राज्यांना बरोबर घेऊन ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंचे लेखापरीक्षण करा, अशी शिफारस केली.

खासदारांनी पगार कापून घेतला होता, तो किती?

एक वर्ष ३० टक्के, १ एप्रिल २०२० पासून. आधी अध्यादेश, मग कायदा. भावना चांगली होती, रक्कम देशाच्या हिशेबात किरकोळ.

आणि खासदार निधी?

तो विषय जास्त गंभीर. प्रत्येक खासदाराला स्थानिक विकासकामांसाठी वर्षाला पाच कोटी मिळतात. मार्च २०२० मध्ये या निधीतून इस्पितळांसाठी उपकरणे घ्यायची खास मुभा दिली गेली आणि दोनच आठवड्यांत, ६ एप्रिलला, निधीच दोन वर्षांसाठी बंद झाला. देशभरातले ७,९०० कोटी संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत, वळवले गेले. गोव्याचे खासदार तीन, म्हणजे वर्षाला पंधरा कोटी. लहान राज्यात ही रक्कम डोळ्यांत भरण्याजोगी असते. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्णवाहिका, उपजिल्हा इस्पितळाला ऑक्सिजनची वाहिनी, असे काही त्यातून होऊ शकले असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये निधी पुन्हा सुरू झाला, त्या वर्षाच्या उरलेल्या काळासाठी प्रत्येकी दोन कोटी.

पीएम केअर्सचा हिशेब संसदेला मिळतो का?

मिळत नाही. कोविडसारख्या संकटांसाठी देणग्या घ्यायला मार्च २०२० मध्ये स्थापन झालेला हा सार्वजनिक धर्मादाय न्यास आहे. पंतप्रधान अध्यक्ष आणि तीन केंद्रीय मंत्री विश्वस्त असले, तरी कॅग, म्हणजे देशाचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, त्याचे लेखापरीक्षण करत नाहीत. देणगीदारांना शंभर टक्के करसवलत देणारी तरतूद मात्र संसदेनेच सप्टेंबर २०२० मध्ये संमत केली. करसवलत म्हणजे सरकारी तिजोरीवरचा भार, तेव्हा हिशेबही सभागृहापुढे यायला हवा, असे माझे मत आहे.

मृताच्या कुटुंबाला ५० हजार मिळाले ते कोणी दिले?

पैसे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून आले, पण त्यामागे संसदेच्या कायद्यातले एक वाक्य होते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमात मदतीचे किमान निकष ठरवायला सांगितले आहे आणि त्यांत जीवितहानीबद्दल सानुग्रह मदत येते. ३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे ठरवणे बंधनकारक आहे. रक्कम सरकारने ठरवली. मृत्युदाखल्यावर कोविड लिहिलेले नसले तरी चाचणीनंतर तीस दिवसांत झालेला मृत्यू धरावा, असेही ठरले आणि तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर समित्या नेमल्या गेल्या. संसदेने एखादे कलम नीट लिहून ठेवले, तर सोळा वर्षांनी पेडण्यातल्या एखाद्या विधवेच्या खात्यात पैसे जमा होतात.

गोव्याचे खासदार तेव्हा कोण होते?

उत्तर गोव्यातून श्रीपाद नाईक, दक्षिण गोव्यातून फ्रान्सिस सार्दिन, राज्यसभेत विनय तेंडुलकर. नाईक तेव्हा आयुष खात्याचे मंत्री होते आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना स्वतःला कोविड झाला. त्याच सप्टेंबरच्या अधिवेशनात भारतीय वैद्यक पद्धती आणि होमिओपॅथी यांच्या राष्ट्रीय आयोगांची विधेयके संमत झाली. धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. पेडण्याच्या लोकांना तिचा उपयोग आहे. पण मोठे दुखणे आले तर बहुधा बांबोळीच गाठावी लागते.

साथींसाठी नवा कायदा झाला का?

नाही. २००९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विधेयकाचा मसुदा झाला होता, २०१७ मध्ये साथी, जैविक दहशतवाद आणि आपत्ती यांच्यासाठी सार्वजनिक आरोग्य विधेयकाचा. दोन्ही संसदेत मांडले गेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये, कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने २८६ व्या अहवालात सांगितले की १८९७ चा कायदा अपुरा आहे, एक तर त्यात मोठ्या दुरुस्त्या करा नाही तर नवा सर्वंकष कायदा करा. केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांनी कोणी काय करायचे, हे आधीच ठरवणारा साथ आराखडा असावा, असेही त्यात आहे. गोव्याचा स्वतःचा १९८५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे, पण तो पत्रादेवीच्या पलीकडे चालत नाही.

मी आता माझ्या खासदाराकडे काय मागू?

लेखी पत्र द्या, मराठीत चालेल, आणि त्यात एकच नेमका प्रश्न घाला. ‘आरोग्य सुधारा’ असे लिहिले तर पोच येते आणि विषय तिथेच राहतो. त्याऐवजी विचारा: विधी आयोगाच्या २८६ व्या अहवालावर सरकारने काय ठरवले? ऑक्सिजन मृत्यूंच्या लेखापरीक्षणाच्या शिफारशीनंतर गोव्याकडून कोणती माहिती मागवली गेली? सीमेवरच्या रुग्णांना साथीच्या काळातही इस्पितळात जाऊ देण्याचा नियम केंद्र करणार आहे का? हे तारांकित प्रश्न म्हणून द्यावेत, अशी विनंती त्यातच करा. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच पत्र पोचले पाहिजे, कारण प्रश्नाला निदान पंधरा दिवसांची आगाऊ सूचना लागते. दोन्ही सभागृहांच्या याचिका समित्यांकडे नागरिकाला थेट अर्जही करता येतो. स्थायी समित्या एखाद्या विधेयकावर सूचना मागवतात तेव्हा वर्तमानपत्रात जाहिरात येते. ती मुदत बहुधा थोडी असते, म्हणून पंचायतीत किंवा वाचनालयात एकाने तिच्यावर लक्ष ठेवावे. उत्तर आले की संसदेच्या संकेतस्थळावर ते सर्वांना वाचता येते. त्याची प्रत काढून वाचनालयाच्या फलकावर लावा.